झोळी सैल बांध

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आरास उतरवता उतरवता लेक म्हणाली, "बाबा, जानेवारीत मी हैदराबादला रुजू होणार. त्याआधी एक रात्र जांबोटीला राहूया की. पूर्वीसारखं."

मी हातातल्या दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत राहिलो. ऐकूच आलं नाही असं दाखवलं. पण 'पूर्वीसारखं' हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला.

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं की जांबोटी येतं. तिथून थोडं आत माझ्या शाळासोबत्याचं शेत आहे. घराच्या मागे चढण, वर आंबा, फणस, जांभळीची जुनी झाडं. लेक तिसरीत असल्यापासून दर डिसेंबरात आम्ही बापलेक तिथे एक रात्र उघड्यावर काढायचो. ताडपत्री अंथरायची, वर सतरंजी, अंगावर वाकळ. चुलीवरचा भात आणि पिठलं खाऊन आडवं व्हायचं आणि कृत्तिका, रोहिणी, मृग असं एकेक नक्षत्र शोधायचं. मी हायस्कुलात गणिताचा शिक्षक. तिथे मात्र मी नुसता बाबा असायचो.

तीन वर्षांपूर्वी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याने त्रास द्यायला सुरुवात केली. त्या डिसेंबरात हट्टाने गेलो. सकाळी जमिनीवरून उठताच येईना. कुशीवर वळलो, हाताने रेटा दिला, काही उपयोग नाही. शेवटी मित्राने एका बगलेतून आणि लेकीने दुसऱ्या बगलेतून धरून उभं केलं. कुणी काही बोललं नाही. मीही हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या वर्षी पेपर तपासायचे होते, त्याच्या पुढच्या वर्षी थंडी फार होती आणि तिसऱ्या वर्षी काय कारण सांगितलं ते आता मलाच आठवत नाही. लेकीसमोर पुन्हा तसं उचलून घ्यायचं नव्हतं, हे खरं कारण कुणालाच सांगितलं नाही.

मित्राच्या घरात खाट आहे. पण घरात झोपायचं तर जांबोटीपर्यंत जायचं कशाला? खाट वर न्यावी तर चढणीवर सगळा जांभा दगड, चार पाय कुठेच सारखे टेकणार नाहीत. तंबूत झोपलं तरी उठायचं जमिनीवरूनच. विचार करता करता हॅमॉक सुचला. दोन झाडांना बांधायचा, दगड असो की उतार, खाली काय आहे याचा प्रश्नच नाही. उठताना पाय खाली सोडायचे की खुर्चीवरून उठल्यासारखं उभं राहता येतं. ही शेवटची गोष्ट लक्षात आली तेव्हा मी त्याच रात्री मोबाइलवर एक मागवून टाकला.

बाराशे रुपयांचा तो हॅमॉक चित्रात फार देखणा होता. पांढऱ्या दोरीची जाळी, दोन्ही टोकांना लाकडी आडव्या दांड्या. परसातल्या आंब्याला आणि फणसाला बांधला. मधे पोक येऊ नये म्हणून दोर चांगला ताणून घेतला. आमची ही मागच्या दारात उभी राहून बघत होती. मी एक कूस टेकवली, दुसरा पाय वर घेतला आणि पुढच्या क्षणी पालथा होऊन गवतावर आलो. सुदैवाने उंची कमी होती. ही म्हणाली, "मणक्याच्या डॉक्टरांना आताच फोन लावू, की अजून एकदा करून दाखवताय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. सह्याद्रीत भटकणारा, कडे चढणारा मुलगा. परसातली ती जाळी बघून त्याने विचारलं, "सर, हे झोपायला आणलंय?"

मी होय म्हटल्यावर तो जरा चाचरत म्हणाला, "दांडीचा हॅमॉक दुपारी पुस्तक वाचत पडायला बरा. ताणून सपाट केलेला असतो, त्यामुळे वजन वर राहतं आणि कूस बदलली की उलटतो. रात्री झोपायला बिनदांडीचा घ्यायचा, दोन्ही टोकांना कापड चुणून गोळा केलेलं असतं तो. माणूस त्याच्या पोटात खाली बसतो, उलटत नाही. आणि सर, तुम्ही दोर फार ताणलाय. ते तुम्हीच शिकवलेलं की."

"मी? कधी?"

"साइन थीटा."

मी गप्प बसलो. मग कागद घेतला. हॅमॉकमध्ये माणूस बसला की त्याचं वजन दोन्ही बाजूंच्या दोरांनी वाटून घ्यायचं असतं. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर साइन ३० म्हणजे अर्धा. माझं वजन ७८ किलो, म्हणून प्रत्येक दोरावर ७८ किलोचाच ताण. कोन १० अंशांवर आणला, म्हणजे दोर जवळजवळ सपाट ताणला, की तोच ताण प्रत्येक बाजूला सुमारे २२५ किलो होतो. तेवढ्याच वजनाचा तोच माणूस, पण झाडावर, दोरावर आणि कडीवर जवळपास तिप्पट ओढ. पस्तीस वर्षं फळ्यावर हे सोडवलं आणि परसात विसरलो.

त्या मुलाने मग सगळं बैजवार सांगितलं. कापड नायलॉनचं असावं, पॅराशूटच्या कापडासारखं, हलकं आणि न फाटणारं. बाजारात नऊ फुटी हॅमॉक फार असतात, पण त्यात मोठ्या माणसाला पाय पसरता येत नाहीत. अकरा फुटी घ्यावा. शक्यतो दुहेरी कापडाचा, कारण एकेरी कापडातून डास खालून चावतो. झाडाला दोर बांधू नये, तो सालीत रुततो. निदान एक इंच रुंदीचे पट्टे वापरावेत. आणि कडी किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसली शोभेची नको, किती वजन पेलते ते जिच्यावर कोरलेलं असतं तशीच घ्यावी.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. कापडाची घडी नारळाएवढी, त्यातच मच्छरदाणी शिवलेली, आणि सोबत दोन पट्टे.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. कानाने कमी ऐकते, पण नजरेतून काही सुटत नाही. मी हॅमॉक बांधत असताना ती परसात खुर्ची टाकून बसली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "झोळी व्हय? सैल बांध रे. ताणून बांधलेल्या झोळीत पोर झोपत नाही."

मी थबकलो. आमच्या जुन्या घरात माजघराच्या तुळईला कडी होती. त्या कडीला लुगड्याची झोळी बांधून आईने आम्हा चार भावंडांना झोपवलं, आणि पुढे माझ्या लेकीलाही. पट्टे सैल केले. मधे चांगला पोक आला. आता तो माझ्या विद्यार्थ्याने सांगितल्यासारखाही दिसत होता आणि आईच्या झोळीसारखाही.

हॅमॉक हा शब्दच तसा झोळीवाल्यांचा आहे. कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या 'हमाका' या शब्दावरून तो स्पॅनिशमार्गे युरोपात गेला. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला तेव्हा तिथली माणसं अशा जाळ्यांमध्ये झोपत होती. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशांसाठी तेच टांगले गेले, कारण जहाज डोललं तरी टांगलेला माणूस गडगडत नाही.

पहिल्या रात्री मी एक वाजता घरात परत आलो. सरळ रेषेत झोपलो होतो, डोकं एका टोकाकडे, पाय दुसऱ्या टोकाकडे. शरीर केळ्यासारखं वाकलं, गुडघे उलटे ताणले गेले, कंबर बोलायला लागली. सकाळी फोन केला. विद्यार्थी म्हणाला, "तिरकं झोपायचं, सर. डोकं मधल्या रेषेच्या थोडं डावीकडे, पाय उजवीकडे. कापड आपोआप सपाट होतं."

दुसऱ्या रात्री तिरका झालो आणि खरोखरच पाठीखालचं कापड सपाट झालं. नऊ फुटी का नको आणि अकरा फुटी का हवा हे तेव्हा कळलं. तिरकं व्हायला लांबी लागते. पायाकडची बाजू डोक्यापेक्षा वीतभर वर बांधली, म्हणजे झोपेत घसरून खाली गोळा व्हायला होत नाही. गुडघ्याखाली एक छोटी उशी घेतली. झोप लागली ती पहाटे साडेतीनला थंडीने मोडली. अंगावर दोन पांघरुणं होती, तरी पाठ गार पडली होती.

सकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? वाकळ खाली घालायची सोडून वर घेतलीस. झोळीला वारं खालनं लागतं."

मुद्दा अगदी बरोबर होता. टांगलेल्या कापडाखालून हवा सतत वाहते आणि अंगातली ऊब घेऊन जाते. पाठीखाली दबलेल्या रजईत हवा उरत नाही, म्हणून जाड रजईसुद्धा तिथे फारसं काम करत नाही. तापमान वीस अंशांच्या खाली गेलं की हा त्रास जाणवतो. थंड प्रदेशात हॅमॉकच्या बाहेरून खाली वेगळी रजई टांगतात. मी आपली साधी फोमची चटई आणली. दुहेरी कापडाच्या मधे ती सरकवली की रात्रभर जागची हलत नाही. वर आईची एक जुनी वाकळ अंथरली. तिसऱ्या रात्री उठलो तो सहा वाजता, कावळ्यांच्या आवाजाने.

ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाने चौथी परीक्षा घेतली. वर ताडपत्री होती, तरी खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावरून चालत चालत थेट डोक्यापाशी आलं. त्यावर उपाय अगदी सोपा निघाला. हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला सुती दोरीचा वीतभर तुकडा बांधून लोंबकळत सोडायचा. पाणी त्या दोरीवरून खाली टपकतं. ताडपत्री हॅमॉकपेक्षा दोन्ही टोकांना निदान फूटभर जास्त हवी. डिसेंबरात पाऊस नसला तरी ती लागतेच. जांबोटीकडचं दव पावसाहून कमी नसतं.

या सगळ्या सरावात लेक पुण्याला तिच्या कामात होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र विचारलं. ते म्हणाले, "काहींच्या पाठीला मानवतं, काहींच्या नाही. आधी घरी चार-पाच रात्री झोपून बघा. सकाळी ताठरलेपण वाढलं तर नाद सोडा." माझ्या पाठीला मानवलं. तुमच्या पाठीलाही मानवेल असं मी छातीठोक सांगणार नाही.

डोलण्याचा फायदा मात्र बहुतेकांना होत असावा. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ पुरुषांना दुपारी हळूहळू डोलणाऱ्या पलंगावर झोपवून बघितलं, तेव्हा त्यांना स्थिर पलंगापेक्षा लवकर आणि गाढ झोप लागली. हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं कळायला पलंग हलवून बघायला लागला व्हय त्यांना?"

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही जांबोटीला निघालो. गाडीत मागे दोन पिशव्या होत्या, कारण तोवर लेकीसाठीही एक हॅमॉक आणला होता. मित्र अंगणात वाट बघत होता. पिशवी उघडल्यावर म्हणाला, "मास्तर, आता झाडावर झोपणार व्हय?"

जागा निवडायला अर्धा तास लागला. खोड मांडीएवढं तरी जाड हवं, झाड जिवंत हवं, दोन झाडांत बारा ते पंधरा फुटांचं अंतर हवं. वर वाळलेली फांदी नको, नारळ तर नकोच. एक शेवगा अंतराने अगदी मोजून मापून होता, पण शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेवटी एका आंब्याच्या दोन बाजूंना दोन जांभळी सापडल्या. मधल्या आंब्याला दोघांचीही एकेक बाजू. खाली दगड टोचरे नाहीत ना ते बघितलं. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील, म्हणजे खुर्चीएवढी उंची ठेवली. आपण जेवढ्या उंचीवरून पडायला तयार आहोत त्याहून वर बांधायचं नाही, हा माझ्या विद्यार्थ्याचा नियम.

हे शेत खाजगी, घर हाकेच्या अंतरावर आणि मित्राची दोन कुत्री राखणीला. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत, गवे आहेत. वनखात्याची परवानगी नसताना रानात मुक्काम करणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. शिवाय सत्तरी, दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमुळे पसरतो. टांगून झोपलं म्हणजे गोचीड टळली असं नाही, बांधताना आपण पाचोळ्यातच उभे असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घातले आणि झोपण्याआधी अंग झटकून, तपासून घेतलं.

लेक हॅमॉककडे नुसती बघत उभी होती. मी बांधतोय, पट्टा सैल करतोय, फोम सरकवतोय, वाकळ अंथरतोय. शेवटी तिने विचारलं, "बाबा, हे कधी शिकलात?"

"चार महिने रोज पडतोय," मी म्हणालो.

तिलाही तिरकं झोपायला शिकवलं. मच्छरदाणीची चेन लावली. तिच्या हॅमॉकला मी एक दोरी बांधली होती, तिचं दुसरं टोक माझ्या हातात. लहानपणी झोळी हलवायला आई अशीच दोरी धरून स्वयंपाकघरात काम करत बसायची. मी हळू ओढली. ती हसायला लागली. म्हणाली, "मी सत्तावीस वर्षांची आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो, पण दोरी सोडली नाही.

ताडपत्रीची पुढची बाजू उघडी ठेवली होती. तिथून मृग दिसत होता. बराच वेळ आम्ही बोललो नाही. मग अंधारातून तिचा आवाज आला, "बाबा, त्या वर्षी तुम्हाला उठता आलं नाही, म्हणून आपण यायचं बंद केलं ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. अंधारात ते सोपंही होतं. पण मी होय म्हणालो.

"मला तेव्हाच कळलेलं. मला वाटायचं, मी धरून उठवलं ते तुम्हाला आवडलं नाही."

"आवडलं नाही असं नाही गं. लाज वाटली."

"मला उचलताना तुम्हाला कधी लाज वाटली होती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने मग आपल्या हैदराबादच्या नोकरीबद्दल सांगायला सुरुवात केली. तिथल्या खोलीचं भाडं, सोबतची मुलगी कशी आहे, जेवणाचं काय, मनात भीती कसली आहे. घरी जेवताना मी हे सगळं विचारलं होतं तेव्हा 'सगळं ठीक आहे' एवढंच उत्तर आलं होतं. मी ऐकत राहिलो, सल्ला दिला नाही. कधी तरी तिचा आवाज थांबला आणि दोरी माझ्या हातातून सुटली.

पहाट झाली तेव्हा ताडपत्रीवर दव टपटपत होतं. मी उठून बसलो, पाय खाली सोडले, दोन्ही हातांनी कापडाची कड धरली आणि उभा राहिलो. कुणाला हाक मारावी लागली नाही. तरी लेक जागी होती आणि तिने मच्छरदाणीतून हात बाहेर काढला होता. गरज नव्हती. मी तो धरला.

पट्टे सोडल्यावर आंब्याच्या सालीवर हात फिरवून बघितला. वळ उठला नव्हता.

आपल्या मंडळातल्या कुणाला गुडघ्यांमुळे किंवा कमरेमुळे असा मुक्काम सोडावा लागला असेल, तर एकदा हॅमॉकचा विचार जरूर करा. दांडीवाला नको, लांबीने अकरा फुटी असावा, पट्टे रुंद आणि पाठीखाली फोम. आधी घरच्या परसात सराव करा. गच्चीवरच्या विटांच्या खांबाला मात्र कधीही बांधू नका, तो आडवी ओढ सोसण्यासाठी बांधलेला नसतो. बाकी काही अडलं तर आमच्या घरी या. हॅमॉक परसात बांधलेलाच आहे. दुपारी त्यात आई झोपलेली असेल तर थोडं थांबावं लागेल. आणि तिच्यासमोर बांधून दाखवू नका. ती म्हणणारच, सैल बांध रे.